माझ्या नावाची तंगडी

आये,

पाया पडतो. जहाज आता कॅरिबियन बेटांजवळ हाय. समुद्र शांत, मी मजेत.

फोनवर हे बोललो नाय, कारण तू स्पीकर लावतेस आणि आबा ऐकतात. सेजल बाय, दादाचं एवढं ऐक, आबा रानात गेले की हे पत्र आयेला वाचून दाखव.

डॉक्टरने आबांचं तेल बंद केलंय ना? मग कोंबडी आमच्या जहाजावरच्यासारखी कर. कातडी काढ. लिंबू, आलं-लसूण, मिरची, मिरपूड चोळून तासभर ठेव. चुलीच्या निखाऱ्यांवर जाळी ठेवून भाज, वरून अननसाचा रस लाव. अननसाच्या चकत्या नि आंब्याच्या फोडीही तिथंच भाज. अननस महाडच्या बाजारात मिळेल. आबा नाक मुरडतील, पण खातील.

चढणीला त्यांना अजून धाप लागते का? खरं सांग.

डॉक्टरने त्यांना दोनच तुकडे सांगितलेत. पण कोंबडी शिजली की तू माझ्या नावाची तंगडी झाकून ठेवतेस, नि सकाळी ती आबा खातात. मला ठाऊक हाय.

आता ती ठेवू नको. मी महाड स्टँडावर उतरून फोन केला की मगच ठेव.

तुझा,
हृतिक