एका पूरक प्रश्नाची आगाऊ सूचना

काचीगुडा, हैदराबाद
१४ मार्च १९९७

प्रिय दर्शू,

एकाच शहरात राहून मामाने भाचीला पोस्टाने पत्र पाठवावं, म्हणजे म्हाताऱ्याला चळ लागला असं तू म्हणशील. म्हण. (म्हातारा मात्र नाही. चोपन्न म्हणजे सरकारी हिशोबानेही मी अजून कामाचा आहे.) फोन करून पाहिला. तुझ्या कचेरीतला कुणी मोठ्या अदबीने सांगतो, "मॅडम असेंब्ली के काम में हैं साब." कधी चुकून तू सापडलीसच, तर "मामा, मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी बोलू" म्हणतेस. तुझ्या खात्यातली ही संध्याकाळ कुठल्या पंचांगात येते ते मला अजून कळलेलं नाही. पत्राला मीटिंग नसते. ते टेबलावर पडून राहील आणि तू वाचेपर्यंत तुझ्याकडे बघत बसेल.

तर परवा मी विधानसभेत जाऊन आलो. प्रेक्षक म्हणून, घाबरू नकोस. पास हिंमतरावने दिला. हिंमतराव आठवतो ना? विद्यापीठात माझ्या खोलीत राहायचा, परीक्षेच्या आदल्या दिवशी माझ्याकडून तर्कशास्त्र शिकायचा आणि माझ्यापेक्षा जास्त गुण मिळवायचा. आता तिकडे सीमेकडच्या भागातून विरोधी बाजूचा आमदार आहे. अधिवेशनाला आला की आमदार निवासातलं जेवण सोडून आपल्याकडे ठेचा-भाकरीला येतो. त्या भाकरीच्या बळावरच मी त्याच्या मागे लागलो होतो, की बाबा, आमच्या गल्लीमागचा सरकारी दवाखाना दसऱ्यापासून बंद आहे, तेवढं विचार. तो म्हणाला, "आप्पा, माझा मतदारसंघ गोदावरीच्या काठी, तुझा दवाखाना काचीगुड्यात." मी म्हणालो, "आणि तू जेवतोस कुठे?" त्याने तारांकित प्रश्न टाकला. तारांकित म्हणजे मंत्र्याने उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं, आणि त्यावर सदस्यांनी पूरक प्रश्न विचारायचे. हे मी तुला सांगणं म्हणजे काशीत गंगा विकणं. पण मला हे नव्यानेच कळलंय, आणि नवं ज्ञान पोटात राहत नाही.

दारावर पहारेकऱ्याने माझी छत्री आत नेऊ दिली नाही. पेनही काढून घेतलं. त्या वास्तूत सर्वांत धोक्याची वस्तू कोणती, याची त्याला पक्की माहिती असावी. आत गारवा होता, खुर्च्या मऊ होत्या, आणि प्रश्नोत्तराचा तास म्हणतात त्यातला बराचसा तास पहिल्या दोन प्रश्नांनीच खाल्ला. एक साखर कारखान्याचा होता; त्यावर इतका आरडाओरडा झाला, की उत्तर काय आलं ते विचारणाऱ्यालाही कळलं नसेल. कुणीतरी कागद भिरकावले, कुणीतरी ते शांतपणे गोळा केले. आमच्या गल्लीतल्या नळावरची भांडणं याहून सुसूत्र असतात; तिथे निदान भांडं तरी भरून मिळतं. आपला प्रश्न आता येत नाही असं मी धरून चाललो होतो, तेवढ्यात अध्यक्षांनी हिंमतरावचं नाव पुकारलं.

काचीगुडा स्टेशनमागचा दवाखाना बंद केला हे खरं आहे काय? आरोग्य खात्याचे मंत्रिमहोदय उठले. "लेदंडी, अध्यक्षा." नाही जी. मी खुर्चीत ताठ झालो. ज्या दवाखान्याच्या कुलपावर मी रोज सकाळी गंज चढताना बघतो, तो बंद नाही! दवाखाना, म्हणे, नामपल्लीजवळच्या मोठ्या इस्पितळात विलीन केला आहे. सुधारणांचं युग आहे, विखुरलेल्या सेवा एका छताखाली आणायच्या, खर्च वाचवायचा, सेवा वाढवायची. खर्च किती वाचला, हिंमतरावने विचारलं. मंत्र्यांनी फाईलचं पान उलटलं आणि उत्तर वाचलं. लोकांना लांब पडतं त्याचं काय? पान उलटलं: बसमार्ग उपलब्ध आहे. म्हाताऱ्या माणसांचं? पान उलटलं: इस्पितळात ज्येष्ठांना प्राधान्य आहे. हिंमतराव प्रश्न विचारायच्या आधी बोट पानावर पोचलेलं असायचं. आणि शेवटी, तो जरा चिडून "म्हणजे दवाखाना मेला हे कबूल करा ना" म्हणाला, तेव्हा मंत्रिमहोदय प्रसन्न हसले आणि तेलुगूत म्हणाले, "नदी समुद्राला मिळाली, तर ती आटली असं कुणी म्हणतं का?"

सत्ताधारी बाजूने बाकं बडवली. मीही बडवली असती दर्शू, इतकं ते वाक्य चांगलं आहे. पण ते माझं आहे.

तू नऊ वर्षांची होतीस. आपली मराठी प्राथमिक शाळा पोरं कमी म्हणून मोठ्या शाळेत मिसळली, आणि तू पाटी छातीशी धरून बंद फाटकापुढे फतकल मारलंस. उठेचनास. अक्का, तुझी आई, हात धरून ओढून दमली. मग मी तुझ्या शेजारी मातीत बसलो आणि तुला ते नदीचं सांगितलं. तू डोळे पुसलेस, विचार केलास आणि विचारलंस, "पण मामा, मग नदीकाठच्या लोकांनी पाणी कुठून भरायचं?" मला उत्तर आलं नाही. त्या दिवशी मला कळलं, की ही पोर शिकवण्यासारखी आहे. पुढे रोज संध्याकाळी ओट्यावर तुला वाद शिकवला. आधी पूर्वपक्ष: समोरच्याचं म्हणणं त्याच्याहून चांगलं मांडायचं, त्याला सुचली नसेल ती शंकाही आपणच काढायची, आणि मग उत्तर द्यायचं. परवा ती फाईल बघताना मी मनात म्हणालो, वा! इथे कुणीतरी हिंमतरावचा पूर्वपक्ष हिंमतरावपेक्षा चांगला जाणतो. नदी आली तेव्हा ते कुणीतरी कोण, तेही कळलं. दिवाळीत तू सांगितलंच होतंस, की खात्याची असेंब्लीची उत्तरं आता तुझ्याकडे आली आहेत. मी पेढे वाटले होते.

गुरूला शिष्याकडून हरण्यात सुख असतं असं म्हणतात. थोडं झालंही. मग चीड आली. पूर्वपक्ष मांडायचा तो समोरच्यात काही खरं असेल तर आपल्याला दिसावं म्हणून. तू तो दारं शोधायला वापरलास, आणि एकेक दार आतून बंद केलंस. कुलपं उत्तम आहेत, त्यात शंका नाही.

हिंमतरावचा शेवटचा पूरक प्रश्न होता, की रुग्णांच्या तक्रारी आल्या आहेत काय. पान उलटलं: एकही तक्रार आलेली नाही. हे वाक्य तू खात्री करून लिहिलं असशील. ते अक्षरशः खरं आहे. ते खरं कुणी ठेवलं, ते आता सांगतो. तुला सांगू नको म्हणून मला शपथ घातली आहे. पण मी शपथेच्या वेळी मोसंबी सोलत होतो, तेव्हा ती पुरती लागली नसावी.

तुझी समजूत अशी आहे, की दवाखाना गेल्यापासून अक्काला इन्शुलिनची सुई मी घरी देतो. तसं तिने तुला फोनवर सांगितलंय. दर्शू, मी चार ओळींचा समास सोडवू शकतो. सुई टोचू शकत नाही. एकदा प्रयत्न केला. अक्का बसलेली राहिली, मी आडवा झालो. तेव्हापासून ती रोज सकाळी उपाशीपोटी पहिल्या बसने नामपल्लीला जाते. गल्लीमागच्या दवाखान्यात सिस्टर सुई द्यायची, पाच मिनिटांत अक्का घरी येऊन भाकरी खायची. आता रांग आहे. सुई टोचली की पुन्हा बसची वाट. डबा बरोबर ने म्हटलं, तर "रस्त्यावर बसून खायला मी काय भिकारीण आहे का रे?" दारापुढेच काचेच्या दरवाजाचं नवं खाजगी क्लिनिक झालंय, तिथे जा म्हटलं, तर म्हणते, "नक्को. माझी लेक सरकारात आहे. मीच सरकारी दवाखाना सोडला, तर लोक काय म्हणतील?"

या सोमवारी सुई घेऊन परतताना ती बसथांब्यावर कोसळली. साखर उतरली. समोरच्या इराणी हॉटेलवाल्याने उचलून बाकावर बसवलं, बशीत चहा ओतला, त्यात आणखी साखर घातली आणि बिस्किट हातात दिलं. ती हॉटेलात कशी पिऊ म्हणून संकोचली, तर तो ओरडला, "अम्माँ, पहले पियो, शरमाना बाद में!" शुद्ध आल्यावर तिने त्याच्याकडून मी शिकवतो त्या शाळेत निरोप पाठवला. मी रिक्षाने घेऊन आलो. वाटेत तिचं पहिलं वाक्य होतं, "दर्शूला कळवू नको. तिचं अधिवेशन चाललंय."

आणि तक्रारीचं ऐक. त्या रांगेत आपल्याच भागातली माणसं असतात. पलीकडच्या गल्लीतला देवराव, जो खुबा धरून बसमधून उतरतो, तो सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज करायला निघाला होता. अक्काने त्याला अडवलं. "माझी पोरगी त्या खात्यात मोठी साहेब आहे. तिच्या कानावर घातलंय, होईल सगळं. अर्ज कशाला करता? पोरीच्या नावाला बट्टा लागेल." माणसांनी तिच्या शब्दावर अर्ज ठेवून दिला. तुझ्या कानावर मात्र तिने काहीच घातलं नाही. तुझ्या कानाला त्रास नको म्हणून. अशा रीतीने एकही तक्रार आली नाही. तुझ्या फाईलमधलं ते सर्वांत भक्कम पान तुझ्या आईने रोज रांगेत उभं राहून राखलंय.

मी सध्या मोसंबीवर सुई टोचायला शिकतोय, निदान अक्काचं खोटं तरी खरं व्हावं म्हणून. मोसंबी चाळणीसारखी झाली आहे, मी अजून उभा आहे. अक्का म्हणते, "मोसंबी ओरडत नाही रे आप्पा, म्हणून तुला शूर वाटतंय." आठवड्याभरात मी तिच्या दंडापर्यंत पोचेन. मग आपल्या घरचा प्रश्न सुटेल. देवरावाच्या घरी मोसंबीवर शिकणारा मामा नाही.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगतो. उत्तराने समाधान झालं नाही म्हणून हिंमतरावने अर्ध्या तासाची चर्चा मागितली आहे, आणि ती येत्या गुरुवारी मिळाली आहे. त्याने प्रश्न लिहून द्यायचं काम माझ्यावर टाकलंय. म्हणतो, "त्या फाईलवाल्याला पुरून उरेल असा एकच माणूस मला माहीत आहे." फाईलवाली कोण ते मी त्याला सांगितलेलं नाही. पण तुमच्या सभागृहाचा नियम मला आवडला: ज्याला विचारायचं, त्याला आधी कळवायचं, अचानक गाठायचं नाही. ही ती सूचना समज. मी गुरुवारी एकच प्रश्न लिहून देणार आहे, आणि तो नऊ वर्षांच्या मुलीचा आहे: नदीकाठच्या लोकांनी पाणी कुठून भरायचं? त्याचं उत्तर मला तेव्हा आलं नव्हतं, आजही येत नाही, आणि कचेरीत बसून तुलाही येणार नाही. म्हणून गुरुवारच्या आत एका सकाळी काचीगुड्याच्या थांब्यावर ये आणि पहिल्या बसने आईबरोबर जा. रांगेत उभी राहा, परत ये. त्यानंतरही सरकारी उत्तरातलं ते ठरलेलं 'प्रश्न उद्भवत नाही' असंच लिहावंसं वाटलं, तर लिही. मी पेन बाहेर ठेवून गॅलरीत गप्प ऐकेन. अक्काला मी यातलं काही बोललेलो नाही. तुला थांब्यावर बघून ती आधी पदराने तोंड पुसेल आणि मग विचारील, "आज सुट्टी आहे का गं?" हा पूरक प्रश्न आहे, दर्शू. याचं पान तुझ्या फाईलमध्ये नसेल.

तुझाच, अजूनही पूर्वपक्षातला,
आप्पामामा