गालावरचा थेंब

मंगळवार, संध्याकाळ. गोवा.

आज मिस्त्रीला नडलो. बरंच झालं.

चर्चमधल्या जुन्या चित्रावर आम्ही दोन फोकस बसवले. चित्रात आई मेलेल्या मुलाला मांडीवर घेऊन बसलीय. मागे सगळा काळोख, उजेड फक्त डावीकडून तिच्या तोंडावर. दोन्ही फोकस पेटवले तर तोंड पोळपाटासारखं सपाट. गालावरचा थेंबच गायब!

म्हटलं, "मिस्त्री, उजवा बंद करू. चित्रात उजेड डावीकडूनच येतोय."

तो मला माझ्या गावाच्या नावानेच हाक मारतो. "ए पोशेरा, सातवीतून पळालास आणि मला लाइट शिकवतोस? फादरला नाही आवडलं तर उद्यापासून गावाला जाऊन नाचणी लाव."

तरी बंद केला.

फादर आले, बघतच राहिले. झाडू मारणारी म्हातारी पुढे आली. "फादर, ही रडते? इतकी वर्षं इथली धूळ काढते मी, कधी दिसलंच नाही."

फादर म्हणाले, "उजवा काढूनच टाका." मिस्त्री शिडी घेऊन आला.

मला कसं कळलं? चुलीपुढचं तोंड लहानपणापासून बघतोय. एक बाजू तांबूस, दुसरी काळी.

पण तो थेंब डोक्यातून जात नाही. मी पोशेरा सोडलं त्या पहाटे आई चुलीपुढे होती, मी तिच्या काळ्या बाजूला उभा. रडली नाही म्हणून रागातच निघालो. तेव्हापासून धड बोललो नाही.

दुसऱ्या बाजूला जाऊन बघितलं होतं का मी?

आता ती चुलीपाशीच असेल. वही ठेवतो, फोन लावतो.