षष्ठी की चतुर्दशी

१३ सप्टें. १९९९, सोम.
गणपती बसले. आरती झाल्यावर मंडळाचे सेक्रेटरी पाठककाका माइकवर आले आणि श्रीचं नाव घेतलं. "आपल्या काशीच्या मराठी समाजाचा वीर सुपुत्र, हवालदार श्रीधर." टाळ्या. लेकीने, मिनीने, माझा हात घट्ट धरला. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, बिचारीला रडू आलं. मला राग आला होता. श्री, माझा नवरा, गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात गेला, तेव्हा ह्यांच्यातल्या कोणाला बालाजी घाटावरून आमच्या गल्लीपर्यंत यायला सवड झाली नव्हती. आता कारगिलची लढाई झाली, टीव्हीवर जवान दिसले, तेव्हा आठवलं की एक आपल्यातही होता.

१६ सप्टें.
पा.काका घरी. वर्षश्राद्ध झालं, आता श्रीचा हा पहिला पितृपक्ष. तर त्याचं श्राद्ध चतुर्दशीला, घाटावर, सगळ्या समाजासमोर करायचं. खुर्च्या, फोटोला हार, मिनीचं भाषण. सगळं ठरवूनच आले होते.
नाना सुपारी कातरत ऐकत होते. माझ्या सासऱ्यांचा जन्म याज्ञिकीत गेला, त्यांना श्राद्ध शिकवायला हे आले.
"तिथी षष्ठीची आहे," नाना म्हणाले.
"पण नाना, शस्त्राने गेलेल्यांचं चतुर्दशीला, हे तुम्हीच सांगत आलात. फौजी माणूस, म्हणजे चतुर्दशीच. त्यात विचारायचं काय?"
"तो दवाखान्यात गेला. काविळीने."
"असेल. पण वर्दीत होता ना?"
नाना उठून आत गेले. काकांनी चहा संपवला आणि मला म्हणाले, तू समजाव त्यांना. मी काय समजावणार.

कावीळ. आम्ही सगळे हेच म्हणतो. यकृत दारूने गेलं होतं, हे नानांना, मला आणि दीर शरदला ठाऊक.

१९ सप्टें., रवि.
मिनीने भाषण पाठ केलंय. खोलीत फेऱ्या मारत म्हणते, "मेरे बाबा सीमा पर लड़ते-लड़ते..." मी म्हटलं, हे तुला कोणी सांगितलं?
"टीचरने लिहून दिलं. फौज में थे ना बाबा? मग?"
बारा वर्षांची पोर. कपडे धुवायला बसले. त्यातले निम्मे धुतलेलेच होते.

२२ सप्टें.
श्री फौजेच्या राशनच्या गोदामात होता. स्वतःच म्हणायचा, "माझी लढाई बटाट्याला फुटलेल्या कोंबांशी." हसवायचा खूप. शेवटच्या सुट्टीत आरतीचं तबक त्याच्या हातात नीट राहत नव्हतं, तेल सांडलं. त्या रात्री मी त्याला नको ते बोलले. तोही बोलला. एक ताट भिंतीवर...
जाऊ दे.
पण हेही खरं: तो गेल्यावर त्याच्या युनिटमधला एक आचारी काशीला आला होता. त्याने सांगितलं, एकदा बर्फात ट्रक अडकला, वरच्या चौकीवरची पोरं उपाशी, तेव्हा श्री पाठीवर पोतं घेऊन पायी गेला. आला तेव्हा पायाची बोटं काळी पडली होती. मला श्री म्हणाला होता, बूट लागले.
त्या एका दिवसाचा वीर म्हणावं का त्याला? मग बाकीच्या दिवसांचं काय करायचं? सरसकट सगळ्यांना एकच शब्द वाटून टाकला की कोणाकडे नीट बघायलाच नको. आणि तरी, काका माइकवर बोलत होते तेव्हा क्षणभर बरंही वाटलं मला. खोटं कशाला लिहू.

२६ सप्टें.
पक्ष लागला. शरद नि नानांचं कडाक्याचं भांडण.
शरद: "दादाला मान मिळतोय, तर तुमच्या पोटात का दुखतंय?"
नाना: "पाण्यात उभा राहून मी खोटं बोलणार नाही. पिंड त्याला पोचायचाय, पाठकाला नाही."
शरद: "मग षष्ठीला मी बसणार नाही. बसवा कोणाला बसवायचं त्याला."
श्रीला मुलगा नाही. भाऊ बसायचा, तो हटून बसला. नाना जेवले नाहीत. शरदही तसाच झोपला. बाप-लेक दोघे एका माळेचे मणी.

३० सप्टें., षष्ठी
शरद लवकरच बँकेत निघून गेला. नानांनी मला हाक मारली. "सूनबाई, न्हाऊन ये. तू बसायचंस. बायकोला अधिकार आहे, शास्त्रातच आहे. लोक बोलतील, बोलू देत."
बसले. नाना मंत्र सांगत होते, मी पाणी सोडत होते. श्रीचं नाव नि गोत्र उच्चारायची वेळ आली आणि नानांचा आवाजच बसला. नाव मीच घेतलं. मोठ्याने. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर असं चारचौघांत कधी नाही.
गच्चीवर कावळ्यासाठी वाडी ठेवली. कावळ्याने वडा उचलला. नाना पंच्याने तोंड पुसत म्हणाले, "दारुडा होता. माझा होता."
मिनी शाळेतून आल्यावर विचारते, श्राद्ध आजच कसं केलं? ते तर आठ तारखेला आहे.

७ ऑक्टो.
घाटावर मांडव उभा राहिला. नाना म्हणाले, "मी येणार नाही. तुम्हाला अडवणारही नाही. पोरीला काय सांगायचं ते तू ठरव."
संध्याकाळी मिनीला गच्चीवर नेलं. सगळं सांगितलं. गोदाम, पोतं, बर्फ, बोटं. मग दवाखाना. मग दारू.
ती खाली गंगेकडे बघत होती. म्हणाली, "मालूम था, आई. बाबा मला कुशीत घ्यायचे ना, तेव्हा वास यायचा."
"मग ते भाषण?"
"सगळ्या क्लासला आवडलं."
मग तीच म्हणाली, "पोत्यावाली गोष्ट मला आधी का नाही सांगितली?"
मी दोरीवरचे कपडे काढायला लागले.

८ ऑक्टो., चतुर्दशी, स.
पा.काकांचा माणूस दोनदा बोलावून गेला. खालून, घाटावरून माइकची खरखर ऐकू येतेय. नाना जप करतायत, पण माळ मघापासून पुढे सरकलेली नाही. शरद नवा कुर्ता घालून दारात उभा, माझ्याकडे बघत नाही.
मिनीने वेणी माझ्याकडून घालून घेतली. टीचरचं भाषण घेतलंस का, विचारलं. नाही म्हणाली.
"मग काय बोलणार आहेस?"
"तू बस मेरे पास खड़ी रहना."
चप्पल घालून ती जिन्यात उभी आहे. मला निघायला हवं.