नक्षीकाराच्या सुटकेची हकीकत

चिरंजीव थोरले जावईबापू यांस सासूबाईंचे भरघोस आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. यांचा गुडघा कुरकुरतो, पण हल्ली आम्ही त्याचं ऐकत नाही. तुमचा खोकला गेला का? लेक म्हणते गेला, पण ती फोनवर तसं सांगत असताना मागे तुम्हीच खोकत होतात.

तर झालं असं. धाकटे जावई येऊन गेले. त्यांचा स्वभाव तुम्ही जाणताच, आले की हात स्वस्थ राहत नाहीत. मागच्या खेपेला दाराला तिसरी कडी लावून गेले (तेव्हापासून चोरांचं माहीत नाही, आम्हालाच घरात शिरायला वेळ लागतो). या खेपेला माझ्या कॉम्प्युटरवर अँटीव्हायरस बसवला आणि म्हणाले, "सासूबाई, आता निर्धास्त राहा." राहिले. सकाळी भरतकामाचं मशीन सुरू करायला जाते तर तुमचा 'नक्षीकार' गायब! लग्नाआधी तुम्ही स्वतः बसून माझ्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम. तो अक्षरं आखतो, मशीन ती भरतं, असं आमचं इतकी वर्षं बिनबोभाट चाललेलं. त्याच्या जागी लाल चौकट: 'धोकादायक प्रोग्रॅम पकडून कोंडला आहे.' चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय!

टेबलावर पोहण्याच्या क्लबचे टॉवेल रचलेले, आणि स्पर्धा रविवारवर आलेली. हे म्हणाले, "काढून टाक तो अँटीव्हायरस." काढला असता हो, पण धाकट्यांना काय वाटलं असतं? आणि अँटीव्हायरस म्हणतो ते मान्य करावं, तर थोरले गुन्हेगार ठरतात. मला दोघंही सारखे. म्हटलं, अँटीव्हायरसही राहील, नक्षीकारही राहील आणि टॉवेलही वेळेवर जातील. कंबर कसली.

कंपनीच्या मदतीच्या नंबरवरची मुलगी गोड बोलली. "आजी, आधी तो प्रोग्रॅम खरंच तुमचाच आहे ना, ते बघा." म्हणून तुम्ही दिलेली मूळ प्रत शोधली (रिळांच्या डब्यात होती), तीच पुन्हा घातली. चहा ठेवून येईपर्यंत तीही कोठडीत. मग तिच्या सांगण्यावरून अँटीव्हायरस थोडा वेळ बंद केला. मशीन सुरेख धावायला लागलं. अध्यक्षांच्या टॉवेलवर 'माननीय अध्यक्ष' भरायचं होतं. पण अँटीव्हायरस हा गडी थोड्या वेळाने आपणहून जागा होतो (तसं बारीक अक्षरात लिहिलं होतं म्हणे, चष्मा कुठे होता?) आणि मशीन 'मान' एवढं भरून ठप्प. नेमके तेव्हाच अध्यक्ष दारात! त्यांनी टॉवेल उचलला, गळ्यात टाकला, आरशात पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "बाई, पाठ आणि पोट यांचे वेगळे मिळणार का?"

हे फार हसले. मी नाही हसले. सरळ कंपनीकडे तक्रार घातली, सोबत नक्षीकार पाठवला. त्यांनी विचारलं होतं, 'प्रोग्रॅम बनवणारा विश्वासू आहे, असं कशावरून म्हणता?' मी लिहिलं, 'मुलगी दिली आहे.' याहून मोठा पुरावा त्यांनी दाखवावा. मग फोनवर फोन. उचलणाऱ्या माणसाला शेवटी माझा आवाज ओळखू यायला लागला, मी 'हॅलो' म्हटलं की तो 'हो आजी, तपासतोय' म्हणायचा. शुक्रवारी त्याने स्वतःहून फोन केला. "आजी, निर्दोष आहे. चूक आमचीच." मी म्हटलं, "लेखी द्या." दिलं! अँटीव्हायरसलाही त्यांनी समज दिली. आता दोघं एकाच कॉम्प्युटरवर गुण्यागोविंदाने नांदताहेत. टॉवेल शनिवारी पोचले आणि अध्यक्षांना पूर्ण मान मिळाला.

तब्येतीला जपा. लेकीला आशीर्वाद.

तुमची,
हट्टी सासू

ता. क. धाकट्यांनाही पत्र धाडलंय, त्यात अँटीव्हायरसच्या दक्षतेची स्तुती आहे. तीही खोटी नाही. भेटलात तर दोघांनी पत्रं ताडून पाहू नयेत.

आणखी एक ता. क. निर्दोष म्हणून जगाशी भांडले खरी, पण आता लेखी हाती आलंय तर सांगते. तुमच्या नक्षीकाराला 'ळ' येत नाही. त्या जागी तो रिकामा चौकोन काढतो. जावयाच्या कामात खोट कशी काढायची, म्हणून इतकी वर्षं त्या चौकोनात मी हाताने 'ळ' भरते आहे. गिऱ्हाइकांना ती खास नक्षी वाटते. घाई मुळीच नाही. फक्त क्लबची नवी ऑर्डर आली आहे, टोप्यांची. गटाचं नाव, 'बाळगोपाळ'.