गच्चीवरची खोली

प्रिय सुधन्वा,

अक्षर तुझ्या लेकीचं आहे, बोल माझे. कृतिकाला बजावलंय, एकही शब्द गोड करायचा नाही.

तू आराखडा काढून बांधलेलं हे हॉस्टेल मात्र झकास झालंय हो. बाहेर नोएडाचा जून भाजून काढतोय आणि इथे कृतिकाच्या खोलीत एसी नसूनही दुपारी डोळा लागतो. जाड मातीच्या भिंती, जमिनीखालून येणारा गार वारा, आंघोळीचं पाणी झाडांना. पोरी म्हणतात, आज्जी, यहीं रह जाओ. म्हटलं, बिल्कुल.

परवा वास्तुरचनेच्या बक्षिसाचे परीक्षक हॉस्टेल बघायला आले, तेव्हा तू मला नऊवारी नेसवून इथल्या अंगणात बसवलंस. नेसवून कसली, चढवून! सूनबाई उत्तराने करोल बागेतून शिवूनच आणली होती, कमरेला इलॅस्टिक. वर शेणाने सारवायला लावलंस. अरे, तुझे बाबा केंद्र सरकारात, तू क्वार्टरच्या सिमेंटवर रांगलास. तिथे शेण मी फक्त चपलेला लागलेलं पाहिलंय. आणि तू छाती फुगवून सांगितलंस, मेरी माँ को एसी लगता ही नहीं.

लागत नाही कसा? गुडगावच्या घरी मला गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलंस. म्हणालास, आई, तुला सवय आहे. खाली तुझ्या दारूच्या बाटल्यांच्या कपाटालाही गारवा. मे महिन्यात मी वर चक्कर येऊन पडले, तर उत्तरा म्हणाली, आई पाणीच पीत नाहीत. तू मान डोलावलीस. ते मी विसरलेले नाही.

निघताना त्या मोठ्या परीक्षक बाई, सुनीती मॅडम, मला हळूच म्हणाल्या, माँजी, आप सच में ऐसे ही रहती हैं? मी म्हटलं, रविवारी घरी चहाला या, अपनी आँखों से देखिए. निकाल अजून लागायचाय, म्हणून सगळेच येतो म्हणाले. दुपारची वेळ मीच दिली, पत्रा तेव्हा छान तापतो. मी येणार नाही. तू त्यांना वर ने, माझ्या खाटेवर बसव, दार लोटून घे आणि चहा सावकाश आण. फोनवर कळवलं असतं तर तू रविवारच्या आत तिथे एसी लावला असतास. म्हणून हे पाकीट कृतिकाकरवी सुनीती मॅडमच्याच हाती दिलंय. आता वर बघून जरा हस, बाळा, त्या दारात उभ्या आहेत.

तुझीच,
आई