अहो, पण तो वस्तरा

२ मार्च, सोमवार

सलूनच्या खुर्चीत बसणाऱ्या तमाम बंधूंनो,

गळ्याभोवती पांढरं कापड, नाकापर्यंत फेस, मुद्दा नेमका रंगात आलेला, आणि कानाशी आवाज येतो: साहेब, तोंड मिटा. हे किती जणांनी सोसलंय? हात वर करा.

(ही वही माझ्या एकट्यासाठी आहे, मान्य. पण अकरा वर्षं युनियनचा प्रवक्ता आहे. लेखणी उचलली की समोर माणसं दिसतात.)

आजचा प्रसंग नोंदवून ठेवतो. या सलूनवाल्याकडे मी बावीस वर्षं जातो. आज त्याला जेवणाच्या सुट्टीचा प्रश्न समजावत होतो. कारखान्यात जानेवारीपासून सुट्टी पंचेचाळीस मिनिटांवरून तीसवर आणली. कँटीनच्या रांगेत अठरा जातात. उरली बारा. दोनशे दहा माणसं बारा मिनिटांत जेवतात, म्हणजे जेवत नाहीत, गिळतात. इथवर आलो, 'माणूस म्हणजे' एवढं म्हणालो, आणि त्याने हनुवटी धरून वर केली. म्हणाला, साहेब, गप्प. गळ्यावर आहे.

बाकावरचे तिघे हसले.

तसाच उठलो. कापडासकट पाच मिनिटं बोललो. ज्या खुर्चीत माणसाला वाक्य पुरं करता येत नाही तिच्यात मी पुन्हा बसणार नाही. यापुढे माझी दाढी, माझा हात, माझा वस्तरा, आणि तीही बोलत बोलत. सलूनवाला म्हणाला, उरलेली अर्धी तरी करून जा. म्हणालो, तत्त्व अर्धं नसतं.

दाढी मात्र अर्धी होती. घरापर्यंत रुमाल धरून आलो. धूळ फार.

३ मार्च, मंगळवार

वस्तरा मिळाला. तोही घरातच.

सौ.च्या माळ्यावरच्या ट्रंकेत, तिच्या वडिलांच्या सामानात. सासरे पुस्तकबांधणी करायचे. अबोल माणूस. लाकडी मुठीचा, घडीचा वस्तरा. मुठीवर तपकिरी, कडक थेंब वाळलेले. त्या काळचा साबण असणार. आजच्या साबणात असं टिकाऊपण आहे का?

सौ. म्हणाली, अहो, पण तो वस्तरा. तिला भरून आलं असावं. वडिलांची वस्तू. तिला मध्येच थांबवलं आणि म्हणालो, जपून वापरेन. ती पिढीच वेगळी होती, आपली दाढी आपल्या हाताने करणारी. यावर दहा मिनिटं बोललो. ती पुन्हा काही म्हणणार होती, पण कुकरची शिट्टी झाली.

संकल्प: २७ तारखेला मॅनेजरशी सुट्टीबद्दल चौथी बैठक आहे. आधीच्या तिन्ही बैठकांत वेळ अपुरा पडला. या चौथीला मी स्वतःच्या वस्तऱ्याने केलेल्या गुळगुळीत दाढीनिशी जाणार. ज्याचा चेहरा स्वतःच्या ताब्यात, त्याची सुट्टीही स्वतःच्या ताब्यात. हे वाक्य चांगलं आहे. भाषणात घालावं.

५ मार्च, गुरुवार

अजून सुरुवात नाही. वाचन चालू आहे. लायब्ररीतून क्षौरकर्माच्या इतिहासाचा जाड ग्रंथ आणला. वाचल्याशिवाय केलेली कृती आंधळी. पान ४० पर्यंत माणूस अजून शिंपल्याने दाढी करतोय.

दरम्यान चेहरा दाखवण्याजोगा राहावा म्हणून मुलीचं गुलाबी प्लास्टिकचं रेझर एकदा वापरलं. हे तत्त्वाविरुद्ध नाही. आंदोलन चालू असताना कामगार जेवतोच.

८ मार्च, रविवार. सकाळी ११.१०

पहिली दाढी.

ग्रंथात लिहिलंय: गरम पाण्याचा टॉवेल, दाट फेस, त्वचा ताणून धरायची, पातं गालाला तीस अंशांवर. सगळं केलं. फेस लावल्यावर मनात प्रस्तावना सुरू झाली. आरशात श्रोता उत्तम दिसतो. पंधरा मिनिटं बोललो असेन. फेस वाळून भिंतीवरच्या चुन्यासारखा झाला. पुन्हा लावला. पुन्हा मुद्दा सुचला. तिसऱ्यांदा वस्तरा लावला.

सात जखमा. त्यातल्या चार किरकोळ. केस बहुतेक जागच्या जागी.

मुलगी दारावर थापा मारत होती. तिला क्लासला जायचं होतं. मी बाहेर आलो, जखमांवर कागदाचे कपटे चिकटवलेले. ती म्हणाली, बाबा, परीक्षेत द्वीपसमूहाचा नकाशा आला तर तुम्हालाच घेऊन जाईन.

सौ.ने तुरटी दिली. म्हणाली, अहो, पण तो वस्तरा मुळात. मी म्हणालो, वस्तऱ्यात काही दोष नाही, कोन चुकला. ती स्वयंपाकघरात गेली.

९ मार्च, सोमवार

स्टोअरकीपरने चेहऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, मांजर पाळलंय का?

हा आमचा उपप्रवक्ता. सभ्य आहे, पण बोलतो असा, जणू शब्द त्याच्या स्टोअरमधून सही करून काढावे लागतात. अशा माणसाला उप ठेवलं की मुख्याचं तेज दिसतं. त्याला वस्तऱ्यामागची भूमिका सांगितली. शिफ्टचा भोंगा झाला तरी ऐकत उभा होता. नंतर कळलं, माझा पाय त्याच्या पावतीपुस्तकावर होता.

११ मार्च, बुधवार

ग्रंथ, पान २१२: वस्तरा वापरण्याआधी चामड्याच्या पट्ट्यावर फिरवून धार जिवंत करावी. पट्टा नव्हता. पँटचा बेल्ट दाराच्या कडीला अडकवून ताणला. फिरवला.

बेल्टचे दोन तुकडे.

पान २१३ वर लिहिलंय की पातं पाठीच्या दिशेने फिरवायचं, धारेच्या दिशेने नाही. ही माहिती २१२ वर हवी होती. प्रकाशकांना पत्र लिहिणार. मात्र एक गोष्ट सिद्ध झाली: वस्तरा चामडं लोण्यासारखं कापतो. सौ.ला दाखवलं. ती म्हणाली, चामडं कापणारच तो. मी म्हणालो, शाबास, म्हणजे तुलाही त्याची ताकद पटली.

दुपारी गेटसभा होती. डावा हात पँट धरण्यात गुंतलेला, म्हणून भाषण एका हाताने केलं. शेवटी भावनेच्या भरात दोन्ही हात वर केले. टाळ्या पडल्या. त्या भाषणाला होत्या असं मी मानतो.

१४ मार्च, शनिवार

प्रगती. पाचच जखमा. उजवा गाल जवळपास पूर्ण. डाव्यासाठी वस्तरा डाव्या हातात धरावा लागतो आणि डावा हात म्हणजे परका माणूस. डावा गाल गुलाबीने पुरा केला. गुलाबी हे साहाय्यक साधन आहे.

मुलीने विचारलं, माझं रेझर सारखं बोथट कसं होतं? पाणी जड असेल, म्हणालो.

१७ मार्च, मंगळवार

सलूनवरून गेलो. मुद्दाम, ताठ मानेने. सलूनवाला दारात उभा होता. म्हणाला, साहेब, या ना. मी म्हणालो, गरज नाही. तो माझ्या हनुवटीकडे पाहत राहिला. म्हणाला, वस्तरा कुठला वापरता ते तरी एकदा दाखवा, पातं बघून देतो. धंदा बुडाला की माणूस असा लाघवी होतो. म्हणालो, सासऱ्यांचा आहे, आणि पुढे गेलो.

चौकात मागे वळून पाहिलं. तो अजून डोक्याला हात लावून उभा होता. पश्चात्ताप.

२० मार्च, शुक्रवार

भाषण लिहून झालं. चौदा पानं. शिंपल्यापासून सुरुवात केली आहे. माणसाने पहिल्यांदा स्वतःचा चेहरा स्वतः घासला तिथपासून ते कँटीनच्या रांगेपर्यंत एकच सूत्र.

स्टोअरकीपरला वाचायला दिलं. त्याने जेवणाच्या सुट्टीत वाचलं, म्हणजे बारा मिनिटांत. विचारलं, यात आपली मागणी कुठल्या पानावर आहे? म्हणालो, ती सगळीकडे आहे, रक्तासारखी. तो म्हणाला, रक्त दिसतंय, कॉलरवर. मग म्हणाला, काका, आपल्याला पंधरा मिनिटं परत हवीत, एवढं एका चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवतो. ठेव बाबा, म्हणालो. चिठ्ठीने कधी इतिहास घडलाय?

वेल्डिंगचे दोघे त्याच्या मागेच उभे होते. एकजण म्हणाला, या वेळीही नाही जमलं तर मी डबा मशीनवर उघडणार, मग हात गेला तरी चालेल. भाषणात हे घेता येईल. पान नऊ.

२३ मार्च, सोमवार

तीन जखमा. डावा हात माणसाळतोय. मात्र एक विचित्र निरीक्षण: ज्या दिवशी घसा बसला होता त्या दिवशी, म्हणजे काल, एकही जखम झाली नाही. आज घसा सुटला आणि तीन. याचा संबंध हवामानाशी असावा.

सौ. दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, शुक्रवारी महत्त्वाचं काम आहे, त्या दिवशी तरी सलूनमध्ये जा, हवं तर माझ्यासाठी. आणि तो वस्तरा खरं तर बाबांनी. मी हात वर केला. म्हणालो, बाबांचा वारसा मी खाली ठेवणार नाही.

ती म्हणाली, बरं. तिचा 'बरं' फार लांब असतो.

२६ मार्च, गुरुवार

उद्या. शर्ट इस्त्रीचा. नवा बेल्ट. गुलाबीला हात लावणार नाही, शपथ.

वेल्डिंगचे दोघे फाटकापाशी भेटले. हात हातात घेऊन म्हणाले, काका, या वेळी तेवढं करून आणा. डोळे भरून आले. त्यांचे नव्हे, माझे.

२७ मार्च, शुक्रवार. दुपार

बोलता येत नाही. लिहितो.

सकाळी सहाला सुरुवात. उजवा गाल स्वच्छ. डावा गाल स्वच्छ. एकही थेंब नाही. आरशात पाहिलं, असा चेहरा अकरा वर्षांत झाला नव्हता. उरला फक्त ओठाखालचा भाग. तेवढ्यात सुरुवातीचं वाक्य आठवलं. म्हटलं, एकदा म्हणून पाहावं. ठसक्यात. 'माणूस म्हणजे'

खालचा ओठ.

डॉक्टरांनी तीन टाके घातले. विचारलं, हे कशाने झालं? मी हाताने दाखवलं. त्यांनी सांगितलं, आठ दिवस ओठ हलवायचे नाहीत. सौ. म्हणाली, लेखी द्याल का?

बैठक दहाला होती. स्टोअरकीपर एकटा गेला. चौदा पानं घेऊन जा म्हणून मुलीला पाठवलं होतं, तोवर तो आत गेला होता. माझं काय होईल ते होवो. पण दोनशे दहा माणसांचं काय? तो पोरगा आत जाऊन 'नमस्कार' म्हणेल आणि घाम पुसत बसेल.

घर फार शांत आहे. सौ. म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदा हॉलमधल्या घड्याळाचा आवाज ऐकला.

२८ मार्च, शनिवार

स्टोअरकीपर घरी आला. मोसंबी आणली. ओठाला टाके असलेल्या माणसाला मोसंबी.

सुट्टी मिळाली. सोमवारपासून पंचेचाळीस मिनिटं.

त्याने सांगितलं ते जसंच्या तसं: चिठ्ठी वाचली, रांगेत अठरा मिनिटं जातात, पंधरा परत द्या. मॅनेजरने विचारलं, एवढंच? मग म्हणे तो खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, तीन बैठका झाल्या, मला वाटत होतं तुम्हाला कँटीन बंद करून हवंय. सही केली. सगळं मिळून चार मिनिटं.

मी कागदावर लिहिलं: माझ्या तीन बैठकांनी जमीन भुसभुशीत केली होती. स्टोअरकीपरने वाचलं, सौ.कडे पाहिलं, म्हणाला, असेल काका.

संध्याकाळी गेटसभेत नवा प्रवक्ता निवडला. मला सल्लागार केलं. सल्लागार हे पद मोठं. सल्लागाराला भाषण नसतं, एवढंच.

३१ मार्च, मंगळवार

टाक्यांभोवती दाढी वाढली. खाज. वस्तरा उचलला, परत ठेवला. गुलाबीकडे पाहिलं. मुलीने त्यावर कुलपाचं चित्र काढून चिकटवलंय.

सलूनमध्ये गेलो. बाकावर तेच तिघे. चिठ्ठी पुढे केली: टाके सांभाळून. सलूनवाल्याने वाचली, कापड बांधलं, कुणी हसलं नाही. उठलो तेव्हा त्याने घड्याळ दाखवलं. म्हणाला, सात मिनिटं, साहेब. तुम्हाला बावीस वर्षं पंचवीस लागायची. मला वाटायचं, तुमची दाढीच चिवट आहे. मग हळूच म्हणाला, तो वस्तरा आणलात का?

नेला होता. त्याने उघडला, उजेडात धरला, अंगठा लावला, मूठ हुंगली. म्हणाला, हा आमच्या आजोबांचा. झिजला, दाढीच्या कामाचा राहिला नाही, म्हणून त्यांनी तुमच्या सासऱ्यांना दिला होता. कशासाठी दिला ते बाईसाहेबांना विचारा, त्यांना ठाऊक आहे.

घरी आलो. वही आणि वस्तरा सौ.समोर ठेवला. वहीत लिहिलं: तू काय सांगत होतीस?

ती वाट पाहत होती, मी मध्ये बोलतो का. मला बोलता येत नव्हतं.

ती म्हणाली, अहो, पण तो वस्तरा बाबांच्या दाढीचा नव्हताच. पुस्तकांना चामड्याची पाठ लावताना कडा तासायला वापरायचे. मुठीवर तो सरस आहे, जनावरांच्या हाडांचा. बाबांनी जन्मात घरी दाढी केली नाही. दर रविवारी सलूनमध्ये जायचे. तिथे डोळे मिटून बसायचे. म्हणायचे, आठवड्यातली तेवढीच शांत जागा.

एवढं सांगायला तिला एक मिनिटही लागलं नाही. तीन मार्चपासून लागत होतं.

बंधूंनो, वस्तऱ्याबद्दल माझ्याकडे अजून चौदा पानं आहेत. ती राहू द्यात. फक्त एक करा. माळ्यावरून काढलेला वस्तरा गालाला लावण्याआधी, तो कशाचा आहे ते बायकोला विचारा. आणि तिचं उत्तर संपेपर्यंत थांबा.