ह्यांना कुठं ठेवू

२ मार्च २००६, गुरुवार. बॉटनी डाउन्स
हे जाऊन आज अठरा दिवस. अस्थींची पेटी मंदारच्या टीव्हीशेजारी. देवाजवळ ठेव म्हटलं, तर सूनबाई म्हणे ईशा घाबरेल. घाबरते कसली! रोज "बाय आजोबा" म्हणून शाळेत जाते कार्टी.
पुढच्या गुरुवारी माझं परतीचं विमान. त्याआधी, परवाच, टौरंगाला समुद्रावर जायचं, अस्थी सोडायला. नाताळात तिथे पाण्यात पाय सोडून बसले होते. म्हणाले, "मी गेलो तर इथंच सोड गं, नाशिकची गर्दी नको." चेष्टा होती की खरं, देव जाणे.

४ मार्च, शनि.
तीन तास गाडी. ओहोटी. मंदारने पँट दुमडली, मी पेटी उघडली, तेवढ्यात एक बाई बादली घेऊन लगबगीने आली. माओरी, माझ्याच वयाची. बादलीत शिंपल्या. "किया ओरा, डिअर. ॲशेस?" मंदार हो म्हणाला. मग ती हळू आवाजात काय काय बोलली, त्याने मला सांगितलं: इथलं आम्ही खातो. गेलेलं माणूस आणि अन्न आमच्यात एकत्र करत नाहीत.
मेल्याहून मेल्यासारखं झालं. आम्ही जन्मात मासा न खाल्लेले, समुद्रावर कुणाचं ताट भरतं हे डोक्यातच आलं नाही. हात जोडले. तिने जवळ घेऊन कपाळाला कपाळ, नाकाला नाक टेकवलं. भडभडून रडले मी.
खरं लिहिते. झाकण लावताना बरं वाटलं. सुटले बाई, आज नाही सोडावं लागलं.

५ मार्च
मं. म्हणतो, बोटीने लांब जाऊ. नको म्हटलं, पुण्याला घरी नेते. जेवला नाही.

८ मार्च, बुध.
बॅगा भरल्या. पेटी हातातल्या पिशवीत ठेवत होते, तर मंदार दारात. स्मशानात दहनाचं ते बटण दाबल्यापासून एकदा रडला नव्हता. कागद, फोन, सगळं करत राहिला. आज लहान मुलासारखा हुंदके देत... "आई, तूपण चाललीस. बाबांना तरी राहू दे. मागे अंगणात लिंबाखाली ठेवतो. मला वडीलधारं कोणी नाही गं इथं."
अर्धं अर्धं करू म्हटलं. "वाटण्या कसल्या करतेस त्यांच्या?"
पोराला नाही म्हणवत नाही. ह्यांना सोडून जाववत नाही. सकाळी साडेसातला निघायचं. पेटी मांडीवर घेऊन बसलेय.